लाईट गेली, रेंजही गेली: घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव, खाली मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि मोबाईलचे टॉवर एकेक करून गप्प झाले. त्यात कोरोनाचा काळ. विमानं बंद, जिल्ह्याबाहेर जायला परवानगी लागायची. कोकणातल्या आपल्या गावांतली निम्मी कर्ती माणसं दुबई, कुवेत, कतार, सौदीत. ती तिथे बसून घरचे नंबर फिरवत होती आणि कानावर एकच ऐकू येत होतं, फोन बंद आहे.

आमच्या एका सहकाऱ्याचं घर म्हसळा तालुक्यात आहे. वादळात घराचे पत्रे गेले, पण घरचे सगळे शेजारच्या स्लॅबच्या घरात सुखरूप होते. कुवेतमधल्या मोठ्या भावाला हे कळायला तिसरा दिवस उजाडला. गावातला एक पोरगा झाडं तोडत, वाट काढत मोटरसायकलने माणगावच्या बाजूला निघाला होता. जिथे रेंज मिळेल तिथून सगळ्यांचे निरोप देतो म्हणाला. लोक नंबर लिहून द्यायला जमले आणि तेव्हा लक्षात आलं की घरातल्या सात माणसांपैकी एकालाही कुवेतचा नंबर तोंडपाठ नाही. नंबर फोनमध्ये, आणि फोन पहिल्याच रात्री बंद पडलेले. शेवटी अम्मीला मुंब्र्याच्या मामूंचा जुना नंबर आठवला, त्यांना फोन गेला आणि मामूंनी कुवेतला कळवलं.

ती गोष्ट आम्ही विसरलो नाही. गेल्या काही वर्षांत वाचकांशी बोलून, स्वतः चुका करून जे हाती लागलं ते इथे एकत्र देत आहोत. यातलं जवळजवळ सगळं आधी करून ठेवायचं काम आहे. रेंज गेल्यावर ठरवायला बसलात तर ठरवणार कोणाशी?

नेमकं काय बंद पडतं

लाईट गेली की लगेच मोबाईल बंद पडत नाही. टॉवरला बॅटऱ्या असतात, बऱ्याच ठिकाणी डिझेल जनरेटरही असतो. पण बॅटरी काही तासांची, आणि रस्ता बंद असेल तर डिझेल पोचत नाही. म्हणून वादळानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. रेंज आहे तोवर "आम्ही ठीक आहोत" हा निरोप बाहेर गेला पाहिजे. आपली माणसं नेमकी ह्याच वेळात पडलेल्या झाडांचे व्हिडिओ पाठवत बसतात. ते नंतरही पाठवता येतील.

टॉवर उभा असूनही फोन लागत नाही, असंही होतं. टॉवरला जोडणारी ऑप्टिकल फायबर तुटलेली असते, किंवा सगळा तालुका एकाच वेळी फोन करत असतो. अशा गर्दीत बोलणं होत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. त्याला जागा फार थोडी लागते, आणि समोरचा फोन बंद असला तरी कंपनीकडे तो काही काळ राहतो व रेंज आल्यावर पोचतो. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, एसएमएसला लागत नाही. हा फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि हल्लीच्या पोरांना, दोघांनाही समजावून सांगावा लागतो. पोरांना तर जास्तच.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजी लिपीत १६०. जास्त झालं की मेसेजचे तुकडे होतात, आणि कमजोर रेंजमध्ये तुकडे अडकतात. म्हणून मराठीच लिहायचं, पण इंग्रजी अक्षरांत आणि तोडून. "सगळे ठीक. पत्रे गेले. अम्मी शेजारी. फोन उद्या ११ ला." एवढं पुरतं.

जुन्या काळी घरातला तारेचा लँडलाईन फोन लाईट गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. आता घरोघरी फायबर आलं आहे. त्याचा डबा घरच्या विजेवर चालतो. मात्र ह्या डब्याला वीज फार लागत नाही. तो आणि वायफाय राउटर इन्व्हर्टरवर जोडून ठेवला, तर टॉवर बंद असताना घरातलं इंटरनेट चालू राहण्याची शक्यता असते. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग असेल तर त्यावरून साधा कॉलही लागतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी हे एकदा मेन स्विच बंद करून तपासावं.

सगळ्यांनी सगळ्यांना फोन करू नये

वादळ आलं की काय होतं? सौदीतला मुलगा आईला फोन करतो, मुंबईची मुलगी आईला करते, पुण्याची भाची करते, सासरचे करतात. आईच्या फोनची बॅटरी ह्यातच संपते. प्रत्येकाला तीच हकीकत सांगायची, प्रत्येकाकडे रडायचं, आणि संध्याकाळी खरोखर मदत मागायची वेळ आली तर फोन बंद.

यावर उपाय जुनाच आहे. घराण्यातला एक माणूस मध्यस्थ ठरवायचा, आणि तो जिल्ह्याबाहेर राहणारा हवा. मुंबईची खाला, पुण्याचे चाचा, कोणीही, ज्यांच्याकडे त्या वादळाचा किंवा पुराचा फटका बसणार नाही. गावाकडच्यांनी फक्त त्यांनाच कळवायचं आणि बाकी सगळ्यांनी त्यांनाच विचारायचं. गल्फमधल्या भावाने गावाला फोन लावायचा मोह आवरून मुंबईला फोन करायचा. हे सांगायला सोपं आहे. आईचा आवाज ऐकल्याशिवाय ज्याला झोप येत नाही त्याला पटवणं अवघड. पण तो आवाज ऐकण्यासाठीच तिच्या फोनमध्ये चार्जिंग उरायला हवं, असं आम्ही त्यांना सांगतो.

मध्यस्थ म्हणून घरातला सर्वांत मोठा माणूसच असावा असं काही नाही. जो फोन उचलतो, लिहून ठेवतो आणि ऐकीव गोष्टीत मीठमसाला घालत नाही तो बरा. बऱ्याच घरांत हे काम एखादी आपा किंवा मावशी सर्वांत चांगलं करते.

दुसरी गोष्ट वेळेची. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी फार खातो. त्यामुळे रेंज नसेल तर फोन सरळ फ्लाईट मोडवर टाकावा आणि ठरलेल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं उघडावा. आपल्याकडे वेळ ठरवायला घड्याळाची अडचण नाही. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा ह्या वेळा गावात सगळ्यांना माहीत असतात. मात्र परदेशातल्या माणसाशी ठरवताना भारतीय वेळ धरा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी-कुवेत-कतार अडीच तास मागे. "मगरिबनंतर" म्हणजे कोणाची मगरिब, यावरून आमच्याच ऑफिसात एकदा गोंधळ झाला आहे.

तिसरी गोष्ट जागेची. घर सोडावं लागलं तर कुठे जमायचं? "मशिदीजवळ" हे पुरेसं नाही. मशीद पाण्यात असेल तर? चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात इतकं चढलं की पहिल्या मजल्यावर आणि गच्चीवर लोक अडकले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, संपर्क तुटलेला, मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. म्हणून एक जागा मोहल्ल्यात आणि एक उंचावरची, गावाबाहेरची, अशा दोन ठरवून ठेवाव्यात. शाळेत गेलेल्या मुलांना दोन्ही दाखवून आणाव्यात.

कागद

ह्याला पर्याय नाही. एका जाड कागदावर ठळक अक्षरात नंबर लिहा: मध्यस्थाचा, परदेशातल्या माणसांचे देशाच्या कोडसकट, डॉक्टरांचा, पोलीस पाटलांचा, तहसील कार्यालयाचा, गॅसवाल्याचा, शेजारच्या गावातल्या एका नातेवाईकाचा. मागच्या बाजूला घरातल्या कोणाला कोणतं औषध किती लागतं ते. इन्सुलिनवर असलेल्यांचं आणि डायलिसिसला जाणाऱ्यांचं नक्की लिहा, कारण निरोप घेऊन जाणारा माणूस अनोळखी असू शकतो आणि त्याला औषधाचं नाव लक्षात राहणार नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्ड-आधारबरोबर ठेवा. एक प्रत मध्यस्थाकडे, एक परदेशात. शाळकरी मुलांना निदान दोन नंबर तोंडपाठ हवेत. सूरह पाठ करणाऱ्या मुलांना दहा आकडे जड नाहीत.

सरकारी नंबरांबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका ह्या सगळ्यांसाठी ११२ हा एकच नंबर आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असेल तरी ११२ लागू शकतो, म्हणून "नो सर्व्हिस" दिसलं तरी लावून बघा. रुग्णवाहिकेसाठी १०८, विजेच्या तक्रारीसाठी १९१२, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. पण हे नंबर कुवेतहून लागत नाहीत, आणि मुंबईहून नुसता १०७७ लावला तर रायगड किंवा रत्नागिरीचा कक्ष मिळत नाही. त्यासाठी आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावावा लागतो, रायगडला अलिबागचा ०२१४१, रत्नागिरीला ०२३५२. परदेशातल्यांनी कक्षाचा पूर्ण लँडलाईन नंबर आत्ताच मिळवून लिहून ठेवावा. गावातल्या घराची माहिती कळवण्याचा तो एक सरळ मार्ग आहे.

मशीद आणि मोहल्ला

खेडेगावात निरोप पोचवण्याची सर्वांत जुनी व्यवस्था आपल्याकडे आहेच. अनेक मशिदींतला ॲम्प्लिफायर १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही चालतो. लाईट गेल्यावर अजान होते ती ह्याच जोरावर. त्याच बॅटरीवर एलान करता येतो: कुठे पाणी चढतंय, कुठे दोरी आणि माणसं हवीत, कोणत्या घरी औषध लागतंय. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे हे सर्वांना माहीत आहे. मात्र ध्वनिप्रदूषण नियमांतच सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद दिलेला आहे. जमात कमिटीने पोलीस ठाण्याशी हे आधीच बोलून ठेवावं, म्हणजे नंतर वाद नको. एलान मराठीत करावा. पाणी सगळ्या वाड्यांत चढतं, आणि शेजारच्या कोळीवाड्यात किंवा बौद्धवाडीतही तो ऐकू जातो.

एक उणीव मात्र आम्हाला वारंवार दिसली. नमाजनंतर मशिदीत निरोप सांगितले जातात, पण बायका तिथे नसतात. ज्या घरातले पुरुष सगळे परदेशात आहेत, तिथे निरोप पोचतच नाही, आणि मदतीची गरज नेमकी तिथेच जास्त. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचंही तसंच. म्हणून प्रत्येक आळीत दोन बाया आणि दोन पोरं ठरवून त्यांच्याकडे दहा-दहा घरं द्यावीत. सकाळ-संध्याकाळ दारावर जायचं, विचारायचं, वहीत लिहायचं. गावाबाहेर जाणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातात ती वही द्यायची. टॉवर येईपर्यंत हेच आपलं नेटवर्क.

मयत झाली तर? हा प्रश्न आम्हाला एका इमाम साहेबांनी विचारला. आपल्याकडे दफनाला उशीर करत नाहीत, पण मुंबईचा मुलगा निघाला आहे की नाही तेच कळत नसेल तर किती थांबायचं? त्यांच्या गावात आता ठरलं आहे की अशा वेळी मध्यस्थाला निरोप देण्यासाठी एक गाडी सोडायची, परत येण्याची वेळ ठरवायची, आणि त्या वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर दफन करायचं. घरातल्यांनी हे आधी मान्य केलेलं असलं की नंतर मनात राग राहत नाही.

चार्जिंग, साधा फोन, पैसे

दहा हजार एमएएचची पॉवर बँक साधारण दोन वेळा फोन भरते. पावसाळ्यात ती भरलेलीच असावी. चारचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांच्या बॅटरीवर फोन चार्ज होतो, त्यासाठी गाडीचा चार्जर घरात ठेवा. जनरेटर कधीही बंद खोलीत किंवा ओटीवर दार लावून चालवू नका, त्याच्या धुराने झोपेत माणसं मरतात.

घरात बटणांचा एक साधा फोन हवाच, त्याची बॅटरी दिवसेंदिवस चालते. आणि घरातली सगळी सिमकार्डं एकाच कंपनीची नकोत. वादळानंतर एका कंपनीचा टॉवर आधी सुरू होतो, दुसरीचा आठवड्याने. जिओला टूजी नाही, त्यामुळे जुन्या टूजी फोनमध्ये ते सिम चालत नाही, हे फोन घेताना बघा. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर खुले करायला सांगतं. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क हाताने निवडून बघावं.

इंटरनेट बंद असताना गुगल पे चालत नाही. नुसती रेंज असेल आणि बँकेत नंबर जोडलेला असेल तर *९९# लावून पैसे पाठवता येतात. तेही नसेल तर रोख. सुट्ट्या नोटांत दोन आठवड्यांचा किराणा येईल एवढी रक्कम घरात असावी.

सेलवर चालणारा छोटा रेडिओही घ्या. सगळं गप्प असताना आकाशवाणीच्या बातम्या लागतात, आणि अफवा कमी होतात.

परदेशातून आणू नये अशी एक वस्तू

हे ठळकपणे सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं. गल्फमध्ये थुराया कंपनीचे सॅटेलाईट फोन सहज मिळतात. आईसाठी एक घेऊन येतो, असं एका वाचकाने आम्हाला कळवलं होतं. कृपया आणू नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन बाळगणं हा गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियम यांना तर बंदीच आहे. असे फोन सापडल्यावर विमानतळावर परदेशी प्रवाशांनाही अटक झाली आहे. आपल्या मुलाच्या सामानात असा फोन सापडला तर पुढे काय काय होईल ते वेगळं सांगायला नको. हेतू चांगला होता हे सांगायला वकील लागेल.

गावात वापरायला वॉकीटॉकी हवा असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय चालतात. ऑनलाईन मिळणारे सगळे संच ह्या नियमात बसत नाहीत, मंजुरीचं प्रमाणपत्र बघूनच घ्या. टेकड्या-झाडीत एखाद्या किलोमीटरपलीकडे त्यांची अपेक्षा ठेवू नका. ज्यांना खरी आवड आहे त्या तरुणांनी हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. वय १२ पूर्ण असलं की देता येते आणि परवाना केंद्र सरकार देतं. मच्छिमार बोटींवरचे व्हीएचएफ संच समुद्रासाठी आहेत, पण बंदरावरच्या माणसांशी ओळख असलेली बरी.

युएईमधल्यांसाठी आणखी एक सूचना: तिथे व्हॉट्सॲप कॉल नीट चालत नाही. घरचे बोटिमवर विसंबून असतात आणि त्याला दोन्हीकडे इंटरनेट लागतं. साधा आंतरराष्ट्रीय कॉल किंवा एसएमएस महाग पडतो, पण गरजेपुरता बॅलन्स ठेवाच.

इंटरनेट हुकमाने बंद झालं तर

वादळ नसतानाही इंटरनेट जातं. २०२३ मध्ये मे महिन्यात अकोल्यात आणि जूनमध्ये कोल्हापुरात तणावानंतर ते बंद केलं गेलं. अशा वेळी बहुतेकदा फक्त डेटा बंद असतो, कॉल आणि एसएमएस चालू असतात. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये लँडलाईनसकट सगळं बंद झालं होतं, तसं सहसा होत नाही. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला निकाल दिला: इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचा आदेश जाहीर केला पाहिजे. नियमांनुसार एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. आदेशाची प्रत मागणं हा हक्क आहे. परीक्षेचे फॉर्म, व्हिसाची कागदपत्रं, पगार अडकला असेल तर ती प्रत पुढे कामाला येते.

इंटरनेटशिवाय ब्लूटूथवर चालणाऱ्या ॲपबद्दलही विचारणा होते. त्यांचा पल्ला थोड्या मीटरचा, आणि ब्रायरसह १४ मेसेजिंग ॲप केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंद केली आहेत. मोहल्ल्यात चालत जाऊन निरोप दिलेला बरा. तणावाच्या काळात ऐकलेली गोष्ट पुढे पाठवण्याआधी "तू स्वतः पाहिलंस का?" एवढं विचारा. पाहिलं नसेल तर वहीत लिहू नका, एलान करू नका, कुवेतला तर मुळीच कळवू नका.

कागदावरचे नंबर वर्षातून एकदा तपासावे लागतात, कारण गल्फमधली पोरं नोकरी बदलली की सिम बदलतात. आमच्या सहकाऱ्याच्या घरी हे काम मिरगाच्या आधी, पत्र्यांवर कौलं आणि दगड ठेवायच्या दिवशी होतं. यंदा अम्मींनी कुवेतचा नंबर न बघता म्हणून दाखवला. मधला एक आकडा चुकला, तो नातीने सुधारला.